पहिला स्विच बदलला आणि मागचे चार हरवले: इन-बँड कंट्रोलचे एक प्रकरण

पाच इमारती, पाच स्विच आणि त्यांना एकापाठोपाठ एक जोडणारी फायबर केबल. कागदावर हे नेटवर्क एका सरळ रेषेत काढता येते. पहिल्या इमारतीत सर्व्हर रूम आणि तिथेच कंट्रोलर, म्हणजे सगळ्या स्विचना नियम सांगणारा संगणक. त्याला लागून पहिला स्विच, त्यामागे दुसरा, तिसरा, चौथा आणि टोकाला पाचवा. पाचही स्विच व्हाइट-बॉक्स, म्हणजे हवे ते सॉफ्टवेअर घालता येणारे, त्यांवर लिनक्स आणि ओपन व्हीस्विच हे स्विचचे सॉफ्टवेअर. कंट्रोलर त्यांच्याशी ओपनफ्लो १.३ मध्ये, म्हणजे कंट्रोलर-स्विच संवादाच्या ठरलेल्या भाषेत, बोलायचा, टीसीपी पोर्ट ६६५३ वर. संस्थेचे नाव इथे घेत नाही. नेटवर्क चालवणारी माणसे कसलेली होती, योजना लेखी होती आणि ती आधी प्रयोगशाळेत तपासलेलीही होती. तरीही कंट्रोलर बदलण्याच्या पहिल्याच संध्याकाळी चार स्विच हाताबाहेर गेले. असे का झाले हे नीट मांडावे असे मला मनापासून वाटते, कारण इन-बँड कंट्रोलबद्दल सहसा जे सांगितले जाते त्यात नेमकी हीच गोष्ट सुटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कमध्ये पॅकेट कुठे पाठवायचे हा निर्णय स्विच स्वतः घेत नाही. कंट्रोलर फ्लो, म्हणजे ‘असे पॅकेट आले तर असे कर’ असे नियम, लिहितो आणि स्विच त्यांप्रमाणे पॅकेट पुढे ढकलतो. त्यासाठी दोघांमध्ये सतत एक जोडणी लागते. ही जोडणी वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टमधून, वेगळ्या तारेवरून नेली तर ते आउट-ऑफ-बँड. वापरकर्त्यांची पॅकेट ज्या पोर्टांमधून जातात त्यांतूनच कंट्रोलरचे संदेशही नेले तर ते इन-बँड. ओपनफ्लोच्या मानकात यासाठी ‘लोकल’ नावाचे, स्विचच्या स्वतःच्या यंत्रणेकडे जाणारे एक राखीव पोर्ट आहे. दूरचा कंट्रोलर वेगळ्या कंट्रोल नेटवर्कऐवजी डेटा नेटवर्कमधूनच स्विचपर्यंत पोहोचू शकतो, तो या पोर्टामुळे.

या संस्थेने इन-बँड निवडले त्याचे कारण सरळ होते. लांबच्या इमारतींपर्यंत दुसरे मॅनेजमेंट नेटवर्क न्यायचे म्हणजे वेगळे स्विच, त्यांची वीज, त्यांची देखभाल. एवढे सगळे फक्त चार स्विचना दोन शब्द सांगण्यासाठी! निर्णय अविचारी नव्हता. डेटाचा रस्ता चालू आहे तोवर कंट्रोलचा रस्ताही चालू राहणार, ही इन-बँडची खरी जमेची बाजू आहे. आउट-ऑफ-बँडमध्ये उलटा प्रकार घडतो. मॅनेजमेंटचा एखादा साधा स्विच बंद पडला की त्याच्या मागचे सगळे मोठे स्विच कंट्रोलरला मेल्यासारखे दिसतात. ते मात्र ठणठणीत असतात आणि पॅकेटही पोहोचवत असतात. मग कंट्रोलर त्यांना वगळून मार्ग आखू लागतो आणि नसलेला बिघाड खरा करून ठेवतो.

न दिसणारे नियम

आता कोंबडी आधी की अंडे आधी, हा प्रश्न. कंट्रोलरचे पॅकेट पुढे जायला फ्लो लागतो, आणि फ्लो लिहायला कंट्रोलर लागतो. नव्याने सुरू झालेल्या स्विचची फ्लो टेबल रिकामी असेल तर तो कंट्रोलरपर्यंत पोहोचणार कसा?

ओपन व्हीस्विच हे असे सोडवते: स्विचला कंट्रोलरचा पत्ता दिला की ते आपणहून काही छुपे फ्लो बसवते. ओपनफ्लोमध्ये फ्लोची प्राथमिकता जास्तीत जास्त ६५५३५ देता येते. हे छुपे फ्लो त्याच्याही वर बसतात, त्यामुळे कंट्रोलरने काहीही लिहिले तरी ते झाकले जात नाहीत. नियम मुद्दाम अरुंद ठेवलेले आहेत. लोकल पोर्टवरून निघणारी डीएचसीपी (आयपी पत्ता मागणारी) विनंती, लोकल पोर्टच्या मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्याशी संबंधित एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारे संदेश, पुढच्या टप्प्याच्या गेटवेचे एआरपी, कंट्रोलरच्या आयपी पत्त्याशी संबंधित काही एआरपी, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचे दोन: कंट्रोलरच्या आयपी व पोर्टकडे जाणारी टीसीपी पॅकेट आणि तिथून येणारी टीसीपी पॅकेट. एवढेच. बाकी कशालाही वाट नाही.

शेवटच्या दोन नियमांकडे जरा निरखून पाहा. पॅकेट कुणाकडून आले हे त्यांत पाहिलेच जात नाही. कंट्रोलरच्या पत्त्याकडे निघाले आहे ना, मग जाऊ दे. त्यामुळेच पाचव्या स्विचची जोडणी चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या स्विचमधून निर्धोक पार होते. प्रत्येक स्विच स्वतःपुरती वाट उघडतो आणि त्याच उघड्या वाटेने मागचे सगळे जातात.

यातून एक अट आपोआप येते. वाटेतल्या प्रत्येक स्विचला मागच्या स्विचच्या कंट्रोलरचा पत्ता माहीत असायला हवा. सगळ्यांचा कंट्रोलर एकच असतो तोवर ही अट पाळली जाते आणि कुणाला जाणवतही नाही. ओपन व्हीस्विचच्या कागदपत्रांत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे: वेगवेगळ्या स्विचचे कंट्रोलर वेगवेगळे असतील, तर इतरांच्या कंट्रोलरचे पत्तेही प्रत्येकाला माहीत हवेत. कंट्रोलर नावाने नव्हे तर आयपी पत्त्यानेच द्यावा लागतो आणि मधला स्विच मागच्या स्विचची डीएचसीपी आपणहून पुढे जाऊ देत नाही, हेही तिथेच आहे. या नेटवर्कमध्ये पत्ते हाताने दिलेले होते आणि कंट्रोलरची एआरपी नोंदही प्रत्येक स्विचमध्ये कायमची घातलेली होती. म्हणजे या बाकीच्या मर्यादा चमूने वाचल्या होत्या, पाळल्याही होत्या.

योजना

जुना कंट्रोलर १९२.०.२.५ वर होता. नवा, वेगळ्या सॉफ्टवेअरचा, १९२.०.२.६ वर उभा केला. तोही पहिल्या स्विचलाच जोडलेला. रोज एक स्विच नव्या कंट्रोलरकडे न्यायचा, दिवसभर निरीक्षण करायचे, मग पुढचा. सुरुवात पहिल्या स्विचपासून, कारण तो हाताशी होता. काही बिघडले तर दोन पावलांवर जाऊन दुरुस्त करता येईल. टप्प्याटप्प्याने, जवळून लांब. कुठल्याही जाणत्या माणसाला हे शहाणपणाचेच वाटेल.

ही योजना चूक नव्हती. ती आउट-ऑफ-बँड नेटवर्कसाठी अगदी बरोबर होती. तिथे प्रत्येक स्विचची कंट्रोलरशी जोडणी स्वतंत्र असते, एकाचा कंट्रोलर बदलला तर दुसऱ्याला त्याची झळ लागत नाही. प्रयोगशाळेत ती यशस्वी झाली याचेही कारण हेच. चाचणी मिनीनेटवर, म्हणजे एकाच संगणकात आभासी नेटवर्क उभे करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घेतलेली होती. मिनीनेटमध्ये स्विच मुळात यजमान संगणकाच्याच नेमस्पेसमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) चालतात आणि कंट्रोलरला १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच संगणकावर, गाठतात. कंट्रोलरचे एकही पॅकेट आभासी स्विचच्या पोर्टांमधून जात नाही. म्हणजे पाच स्विचची साखळी हुबेहूब उभी केली तरी कंट्रोलचा रस्ता आउट-ऑफ-बँडच राहिला. चाचणीत फ्लो तपासले गेले, मार्ग तपासले गेले. फक्त जी गोष्ट प्रत्यक्षात वेगळी होती तीच तपासली गेली नाही. इन-बँड नेटवर्कची चाचणी घ्यायची तर कंट्रोलरला एका वेगळ्या नेमस्पेसमध्ये बसवून पहिल्या स्विचच्या पोर्टाला जोडावे लागते. थोडे किचकट आहे, पण ते न केलेल्या चाचणीवर मी विसंबणार नाही.

काय घडले

संध्याकाळी पहिल्या स्विचवर लॉग-इन करून त्याचा कंट्रोलर १९२.०.२.६ केला. स्विच लगेच नव्या कंट्रोलरला जोडला गेला, नव्या पडद्यावर हिरवा झाला. नव्या कंट्रोलरने रीतीप्रमाणे स्विचमधले सगळे जुने फ्लो पुसून आपले लिहिले. पहिल्या इमारतीतून इतर इमारतींकडे जाणारी रहदारी सुरळीत होती. सगळे मनासारखे.

त्याच क्षणी पहिल्या स्विचमध्ये आणखी एक बदल झाला होता, तो कुठल्याही पडद्यावर उमटला नाही. कंट्रोलरचा पत्ता बदलताच ओपन व्हीस्विचने १९२.०.२.५ साठीचे छुपे फ्लो काढून टाकले आणि १९२.०.२.६ साठीचे बसवले. स्वतःच्या दृष्टीने त्याने योग्य तेच केले. पण दुसऱ्या ते पाचव्या स्विचचे जुन्या कंट्रोलरकडे निघालेले प्रत्येक पॅकेट आता पहिल्या स्विचमध्ये येऊन थांबले. नव्या कंट्रोलरच्या लेखी ते अनोळखी होते आणि अनोळखी पॅकेट टाकून द्यायचे असा त्याचा नियम होता.

ओपन व्हीस्विच कंट्रोलरकडून ५ सेकंद काही आले नाही की विचारणा करते. आणखी तेवढ्याच वेळात उत्तर आले नाही तर जोडणी तोडते. म्हणजे दहाएक सेकंदांत चारही स्विच कंट्रोलरविना झाले. मग ते पुन्हा जोडणीचा प्रयत्न करू लागले, मधली वाट दुप्पट करत ८ सेकंदांपर्यंत, आणि मग दर वेळी तेवढीच.

वापरकर्त्यांना मात्र काही जाणवले नाही, लगेच तरी नाही. स्विच ‘सिक्युअर’ प्रकारात ठेवलेले होते. या प्रकारात कंट्रोलर गेला तरी टेबलमधले फ्लो तसेच राहतात आणि आपापली मुदत संपेपर्यंत काम करतात. फक्त कंट्रोलरकडे पाठवायची पॅकेट टाकून दिली जातात. दुसरा प्रकार ‘स्टँडअलोन’. त्यात विचारणेच्या मुदतीच्या तिप्पट वेळ शांततेत गेला की स्विच स्वतःच साधा लर्निंग स्विच बनतो, म्हणजे कोणते यंत्र कुठल्या पोर्टवर आहे हे येणाऱ्या पॅकेटवरून शिकून ती पुढे पाठवतो. तो प्रकार असता तर कदाचित हे प्रकरण घडलेच नसते. पण मग कंट्रोलरने घातलेली सगळी बंधनेही त्या वेळात गळून पडली असती. ज्या नेटवर्कमध्ये कोण कुणाशी बोलू शकते हे कंट्रोलर ठरवतो, तिथे स्टँडअलोन मला मान्य नाही. चमूची निवड बरोबरच होती.

जुन्या कंट्रोलरचे बहुतेक फ्लो मागणीनुसार लिहिलेले होते. दोन यंत्रे पहिल्यांदा बोलली की फ्लो तयार, आणि ५ मिनिटे शांतता राहिली की फ्लो रद्द. फक्त एआरपीसाठी मुदत नसलेला कायमचा नियम होता. त्यामुळे पडझड एकदम न होता झिरपत झिरपत झाली. कॅमेरे अखंड चित्र पाठवत होते, त्यांचे फ्लो जिवंत राहिले. एखादा प्रिंटर ५ मिनिटे स्वस्थ बसला की त्याचा फ्लो गेला, तो गेलाच. जी संभाषणे चालू होती ती चालू राहिली, नवे संभाषण मात्र सुरू होईना. तक्रारी आल्या त्या अशा: चौथ्या इमारतीत प्रिंट निघत नाही, पण शेजारच्या टेबलावरून निघते. तिसऱ्या इमारतीत एकाचे काम चालते, नुकताच संगणक सुरू केलेल्याचे चालत नाही. कंट्रोलरचा बदल तर पहिल्या इमारतीत झालेला. दोन्हींचा संबंध कुणी का जोडावा?

देखरेखीच्या सर्व्हरनेही दिशाभूलच केली. तो तिसऱ्या इमारतीत होता आणि दर मिनिटाला सगळ्या महत्त्वाच्या यंत्रांना पिंग करायचा, म्हणजे ती उत्तर देतात का ते पाहायचा. फ्लोची मुदत ५ मिनिटांची, पिंग दर मिनिटाला. म्हणजे पिंगचा फ्लो कधी मरतच नव्हता. दर पिंग स्वतःचीच वाट जिवंत ठेवत होता आणि पडदा सगळीकडे हिरवा दाखवत होता. मागणीनुसार फ्लो लिहिणाऱ्या नेटवर्कमध्ये अशी देखरेख फक्त स्वतःची तब्येत सांगते. देखरेखीने अधूनमधून मुद्दाम नवे संभाषण सुरू करून पाहायला हवे, नव्या पोर्टवरून, नव्या जोडीमध्ये. आणि स्विच कंट्रोलरला जोडलेला आहे की नाही हे कंट्रोलरला विचारण्यासोबत स्विचच्या बाजूनेही मोजायला हवे.

शोध

जुन्या कंट्रोलरच्या पडद्यावर पाचही स्विच दिसेनासे झाले होते. पहिला तर जाणारच होता. बाकीचे चार? पहिली शंका जुन्या सर्व्हरवर गेली. तो पुन्हा सुरू केला, काही फरक नाही. मग दुसऱ्या स्विचवर लॉग-इन करून पाहू म्हटले, तर एसएसएच (दुरून लॉग-इन करण्याची सोय) लागेना. तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर नाही.

इथे घोडे खरे अडले. स्विचचे मॅनेजमेंटही लोकल पोर्टमधूनच होते आणि छुप्या फ्लोंमध्ये एसएसएचला जागा नसते. ती वाट ओपनफ्लोच्या साध्या फ्लोंनी बनलेली होती, जुन्या कंट्रोलरने लिहिलेल्या. पहिल्या स्विचमधले ते फ्लो नव्या कंट्रोलरने पुसले होते. म्हणजे ज्या स्विचमधून मागच्या चौघांपर्यंत जायचे, त्याच स्विचवर वाट तोडली गेली होती. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे म्हणतात ते हेच. आणि पहिल्या स्विचवर तरी जावे, तर त्याच्या स्वतःच्या लोकल पोर्टकडे जाणारे एसएसएचही त्याच फ्लो टेबलमधून जाणार! चालू असलेले लॉग-इन फ्लो पुसले गेले त्याच क्षणी गोठले होते. खिडकी उघडी होती, कर्सर हलत नव्हता. आधी ते कुणी मनावर घेतले नाही, जोडणी संथ असेल म्हणून सोडून दिले. या सगळ्या प्रकारातली सर्वांत पहिली आणि सर्वांत स्पष्ट खूण तीच होती.

शेवटी नेटवर्क टाळून थेट स्विचला जोडायची सिरियल कन्सोलची केबल घेऊन पहिल्या स्विचसमोर बसावे लागले. फ्लो टेबल नेहमीच्या आदेशाने उतरवून पाहिली: नव्या कंट्रोलरचे फ्लो जिथल्या तिथे, एकही वावगा नाही. हा आदेश छुपे फ्लो दाखवत नाही. ते पाहायचे तर ओव्हीएस-ॲपसीटीएल या आदेशातून ब्रिजचे, म्हणजे ओपन व्हीस्विचमधल्या आभासी स्विचचे, सगळे फ्लो मागावे लागतात. ते मागितल्यावर यादीच्या माथ्यावर १९२.०.२.६ आणि ६६५३ दिसले, १९२.०.२.५ कुठेच नव्हता. तिथे कोडे उलगडले.

पहिल्या स्विचला जुनाच पत्ता परत दिला. छुपे फ्लो परतले, काही सेकंदांत मागचे चारही स्विच जुन्या कंट्रोलरला जोडले गेले. त्या संध्याकाळचे काम तिथेच थांबवले.

कुठल्याच टोकापासून जमत नाही

यानंतरची चर्चा मला सर्वांत मोलाची वाटली. पहिले उत्तर साहजिक होते: मग उलट्या टोकापासून सुरू करू, आधी पाचवा, शेवटी पहिला. कागदावर मांडून पाहिले तर तेही चालत नाही. पाचव्याला फक्त नवा पत्ता दिला की तो १९२.०.२.६ कडे पॅकेट पाठवणार, आणि चौथा ती थांबवणार, कारण चौथ्याला तो पत्ता माहीत नाही. मधून सुरुवात केली तर दोन्हीकडचे तोटे वाट्याला. एका पत्त्याच्या जागी दुसरा ठेवायचा, असे काम असेल तर साखळीत कुठलाही क्रम बरोबर नाही. क्रम शोधत बसण्यात अर्थ नव्हता, बदलण्याची रीतच वेगळी हवी होती.

म्हणून आधी भर घालायची, मग काढायचे. ओपन व्हीस्विचच्या एका ब्रिजला एकाहून जास्त कंट्रोलर देता येतात. तो सगळ्यांशी एकाच वेळी जोडलेला राहतो आणि प्रत्येकासाठी छुपे फ्लो बसवतो. पाचही स्विचना दोन्ही पत्ते दिले, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत या क्रमाने. प्रत्येक ठिकाणी नवी जोडणी लागल्याचे तिथल्या तिथे पाहता यावे, एवढ्याचसाठी हा क्रम. लांबचा आधी घेतला असता तर तो बिचारा वाट पाहत प्रयत्न करत राहिला असता, नुकसान काही नव्हते.

पण दोन कंट्रोलर एका स्विचवर म्हणजे दोघेही फ्लो पुसणार आणि दोघेही लिहिणार. इथे ओपनफ्लोच्या भूमिका कामी आल्या. आवृत्ती १.२ पासून कंट्रोलर स्विचकडे मास्टर, स्लेव्ह किंवा इक्वल अशी भूमिका मागू शकतो. स्लेव्हला फ्लो लिहिता येत नाहीत. प्रयत्न केला तर स्विच चूक कळवतो. छुप्या फ्लोंचा मात्र भूमिकेशी संबंध नाही, स्लेव्हसाठीही वाट उघडीच राहते. एक बारकावा इथे सांभाळावा लागतो. नवा कंट्रोलर मास्टर झाला की आधीचा मास्टर आपोआप स्लेव्ह होतो, पण जो इक्वल आहे तो इक्वलच राहतो आणि लिहीत राहतो. मुळात सगळे इक्वल म्हणून सुरू होतात. म्हणून जुन्या कंट्रोलरला आधी मास्टर भूमिका घ्यायला लावली, नव्याला स्लेव्ह म्हणून जोडले, आणि मग एकेका स्विचवर नव्याला मास्टर केले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक दुरुस्तीही केली: स्लेव्ह असताना फ्लो पुसायला जायचेच नाही, मास्टर झाल्यावरच सुरुवात करायची.

आता कुठला स्विच आधी, कुठला नंतर, याने काही बिघडत नव्हते. तरी जुना पत्ता काढताना पाचव्यापासून पहिल्याकडे असा क्रम ठेवला. एखाद्या स्विचवर नवा कंट्रोलर बिनसला तर जुन्याकडे परतण्याची वाट शेवटपर्यंत राहावी, आणि ती वाट राहायची तर कंट्रोलरकडे जाताना लागणाऱ्या प्रत्येक स्विचमध्ये जुना पत्ता हवा. पहिल्या स्विचमधून तो सगळ्यांत शेवटी निघाला.

या आधी आणखी एक काम करून घेतले होते, ते मी सगळ्यांत वरचे मानतो. स्विचच्या पत्त्यांकडे जाणारे आणि तिथून येणारे एसएसएच दोन्ही कंट्रोलरच्या पायाभूत फ्लोंमध्ये घातले, उच्च प्राथमिकतेने आणि मुदतीविना. आणि कंट्रोलरने सुरुवातीची पुसापुशी करताना हे फ्लो वगळायचे असे ठरवले. कंट्रोलरचा कार्यक्रम काहीही असो, माणसाची वाट त्याच्या मर्जीवर नसावी.

वेगळी वाट, पण कशापासून वेगळी?

एवढे झाल्यावर प्रश्न आलाच: आउट-ऑफ-बँड का करत नाही? मोठी डेटा सेंटर बहुतेक तेच करतात. गूगलने २०१५ मध्ये आपल्या डेटा सेंटरमधल्या नेटवर्कची रचना प्रसिद्ध केली, तिच्यातही स्विचच्या कंट्रोलसाठी स्वतंत्र नेटवर्क होते. एका छताखाली शेकडो स्विच असतील तर तो खर्च सहज पटतो.

पण आउट-ऑफ-बँड म्हणजे आपोआप सुरक्षित, हे मी मान्य करत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरना जोडणारे नेटवर्क, एका देखभालीच्या आदेशाने बंद पडले आणि सेवा सुमारे सहा तास ठप्प राहिल्या. कंपनीने स्वतःच नंतर सांगितले की नेहमीच्या वाटेबरोबर आउट-ऑफ-बँड वाटही तेव्हा उपलब्ध नव्हती आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे नेटवर्क कोसळले, तेव्हा मॅनेजमेंट नेटवर्क त्याच आयपी कोअरवर (मध्यवर्ती नेटवर्कवर) अवलंबून असल्याने कर्मचाऱ्यांचाच आत जाण्याचा रस्ता बंद झाला. ‘वेगळे’ म्हटलेले नेटवर्क कुठे ना कुठे मूळ नेटवर्कला टेकलेले असते. कधी नावांवरून पत्ते सांगणाऱ्या त्याच डीएनएसवर, कधी त्याच विजेवर, कधी त्याच खंदकातल्या केबलवर. म्हणून वेगळे आहे का, एवढे विचारून भागत नाही. कशापासून वेगळे, हे विचारावे लागते.

इथे ते तसेच विचारले. इमारतींमधल्या केबलमध्ये काही फायबर तंतू रिकामे होते. त्यांवर मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारे डबे) लावून प्रत्येक स्विचच्या मॅनेजमेंट पोर्टपर्यंत एक साधे नेटवर्क नेता येत होते. आक्षेप रास्त होता: केबल तुटली तर दोन्ही वाटा एकदमच जाणार. खरे आहे. पण या प्रकरणात केबल तुटली नव्हती, फ्लो तुटले होते. केबल तुटली की पलीकडच्या स्विचला सांगण्यासारखेही फार काही उरत नाही, तिथे माणूसच पाठवावा लागतो. चुकीच्या कॉन्फिगरेशनपासून आणि कंट्रोलरच्या चुकांपासून मात्र हे तंतू पूर्ण वेगळे आहेत, कारण मॅनेजमेंट पोर्ट ओपन व्हीस्विचच्या ब्रिजमध्ये नाही. त्याची पॅकेट फ्लो टेबलमध्ये शिरतच नाहीत. ज्या बिघाडाची शक्यता सर्वांत जास्त, त्यापासून वाट वेगळी झाली. कंट्रोलरची जोडणी इन-बँडच ठेवली, एसएसएच या नव्या वाटेवर आणले. हा मधला मार्ग मला तडजोड वाटत नाही. अशा पसरलेल्या, थोड्या स्विचच्या नेटवर्कसाठी मी आजही हाच निवडीन.

इन-बँड ठेवायचे म्हटल्यावर त्याच्या दोन जबाबदाऱ्या मागोमाग आल्या. पहिली गर्दीची. कंट्रोलचे संदेश आणि कॅमेऱ्यांची चित्रे एकाच रांगेत उभी राहिली, तर भर गर्दीत ५ सेकंदांच्या विचारणेचे उत्तर उशिरा पोहोचते आणि धडधाकट जोडणी तुटते. ओपन व्हीस्विचमध्ये छुप्या फ्लोंसाठी वेगळी रांग नेमता येते. ती नेमली आणि तिला किमान बँडविड्थ राखून दिली.

दुसरी जबाबदारी अधिक गंभीर आहे. कंट्रोलरच्या पत्त्याकडे जाणारे टीसीपी कुणाचेही असो, कुठल्याही पोर्टवरून येवो, छुपा फ्लो त्याला जाऊ देतो आणि त्याची प्राथमिकता सगळ्यांच्या वर. म्हणजे भिंतीवरच्या कुठल्याही सॉकेटला लॅपटॉप लावणारा माणूस कंट्रोलरच्या ६६५३ पोर्टशी बोलू शकतो, आणि कंट्रोलरने लिहिलेला कुठलाही फ्लो त्याला अडवू शकत नाही. ओपनफ्लोत टीएलएस, म्हणजे जोडणी सांकेतिक करून ओळख पटवणारी पद्धत, वापरण्याची सोय आहे, सक्ती नाही. साध्या टीसीपीवरही सगळे चालते आणि इथेही तेच चालू होते. आउट-ऑफ-बँडमध्ये हे निदान बंद खोलीत असते. इन-बँडमध्ये दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्रे तपासणारे टीएलएस नसेल, तर कंट्रोलर उघड्यावर आहे. प्रत्येक स्विचसाठी वेगळे प्रमाणपत्र तयार केले, कंट्रोलरने अनोळखी प्रमाणपत्र पाहताच जोडणी नाकारायची असे ठरवले, आणि पहिल्या खेपेला प्रमाणपत्रे स्विचवर नेली ती नव्या मॅनेजमेंट वाटेनेच.

पाचव्या इमारतीपासून पहिल्या इमारतीपर्यंत परतीची केबल टाकून साखळीचे वर्तुळ करायचा विचार जुना आहे. एक केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट मिळेल म्हणून सगळ्यांनाच ते हवे आहे. तूर्त ते थांबवले आहे. छुपे फ्लो पॅकेट पुढे पाठवतात ते साध्या लर्निंग स्विचच्या रीतीने. वर्तुळात त्यांनी पसरवलेले एआरपी फिरतच राहील आणि कंट्रोलरच्या मार्गआखणीचा तिथे उपयोग नाही, कारण हे फ्लो त्याच्या हातात नाहीत. ब्रिजवर रॅपिड स्पॅनिंग ट्री, म्हणजे वर्तुळातली एक वाट गरज पडेपर्यंत बंद ठेवणारी पद्धत, सुरू करून मग वर्तुळ जोडायचे, अशी पुढची योजना आहे. तिची चाचणी मिनीनेटवरच सुरू आहे, कंट्रोलर वेगळ्या नेमस्पेसमध्ये आणि त्याची तार पहिल्या स्विचच्या पोर्टात.